नव्या टॉवरचा ताबा घेताना : अग्निसुरक्षा कागदावरून जागेवर कशी आणायची

मुंबई, ठाणे, पुण्यात नव्या टॉवरची पहिली कमिटी निवडली जाते तेव्हा तिच्यापुढे विषयांचा ढीग असतो. गळती, पार्किंग, लिफ्टचा आवाज, क्लब हाउसच्या चाव्या. अग्निसुरक्षा त्या यादीत बहुधा तळाला जाते. लाल पाइप दिसत असतात, छताला स्प्रिंकलर दिसत असतात, बिल्डरने ‘फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र) आहे’ असं सांगितलेलं असतं, त्यामुळे हा विषय झालेला आहे असं सगळे धरून चालतात. हा लेख पहिल्यांदाच कमिटीवर आलेल्यांसाठी आहे. त्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा येईल: इमारतीचा रीतसर ताबा घेण्याआधी प्रत्येक यंत्रणा तुमच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवली गेली पाहिजे, आणि जे चाललं नाही ते लेखी नोंदलं गेलं पाहिजे. ताब्याच्या कागदावर सही झाली की तुमच्या शब्दाचं वजन फार कमी होतं.

याचं कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा, डिसेंबर २००८ पासून लागू झालेला. त्याच्या कलम ३ नुसार आगीपासून संरक्षणाची साधनं बसवणं आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. बिल्डरच्या हातात इमारत आहे तोवर तो जबाबदार. सोसायटीने ताबा घेतला की नोटीस सोसायटीच्या नावाने येते, अध्यक्ष आणि सचिवांच्या नावाने येते. या कायद्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. पंप बिल्डरने बसवला होता, तो पहिल्या दिवसापासून बंद होता, हे सगळं खरं असूनही तुम्हाला ते सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरं कारण उंचीचं. मुंबई अग्निशमन दलाकडची सर्वांत उंच शिडी साधारण ९० मीटरपर्यंत पोचते, म्हणजे तिसाव्या मजल्याच्या आसपास, तेही खाली गाडी उभी करायला भक्कम आणि मोकळी जागा मिळाली तर. शहरात २०० मीटरहून उंच इमारती उभ्या आहेत. तिथे वरच्या मजल्यांवरची आग बाहेरून विझवता येत नाही. जवान फायर लिफ्टने किंवा जिन्याने वर जातात आणि इमारतीच्याच पाइपमधलं पाणी वापरतात. त्या पाइपमध्ये पाणी नसेल तर वर पोचलेल्या जवानाच्या हातात काहीच उरत नाही.

पायरी १ : आधी भोगवटा प्रमाणपत्र, मग बाकी सगळं

‘फिट-आउट पझेशन’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधीच फर्निचरचं काम करून घ्या म्हणून चाव्या दिल्या जातात, आणि बघता बघता लोक राहायला येतात. भाडं आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्या कुटुंबाची घाई समजण्यासारखी आहे. पण ओसी नसलेल्या इमारतीत अग्निशमन दलाची अंतिम तपासणी झालेली आहे, असं धरता येत नाही. परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली आणि चार माणसं गेली. त्या इमारतीला ओसी नव्हती, लोक राहत होते, आणि आतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती.

‘पार्ट ओसी’ असेल तर ती कोणत्या मजल्यांपुरती आहे ते नीट वाचा. खालच्या वीस मजल्यांना ओसी आणि वर बांधकाम चालू, अशा इमारतींबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पायरी २ : कागद गोळा करा आणि एनओसी ओळीओळीने वाचा

फायर एनओसी एक नसते, दोन असतात. पहिली बांधकाम सुरू होण्याआधी, नकाशे पाहून दिलेली. तिच्यात मुख्य अग्निशमन अधिकारी अटी घालतात: जिने किती, कुठल्या रुंदीचे, टाकी किती लिटरची, पंप कोणत्या क्षमतेचे, आश्रयजागा कोणकोणत्या मजल्यांवर. दुसरी बांधकाम संपल्यावर, अटी पाळल्या गेल्या आहेत असं तपासून दिलेली. विक्रीच्या वेळी दाखवलेला कागद बहुतेकदा पहिला असतो. तुम्हाला दोन्ही हव्यात, शिवाय पहिल्या एनओसीबरोबरचे शिक्का मारलेले नकाशे हवेत.

त्यांच्या जोडीला मंजूर आराखड्याची शेवटची सुधारित प्रत, ओसी, यंत्रणा बसवणाऱ्या परवानाधारक एजन्सीचं नमुना ‘अ’ मधलं प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, आणि पाइप, पंप, वायरिंग प्रत्यक्षात जसं बसवलं गेलं त्याचे नकाशे. शेवटची वस्तू सगळ्यात जास्त टाळली जाते. पाच वर्षांनी भिंतीतला पाइप गळायला लागेल तेव्हा याच नकाशांसाठी तुम्ही वणवण कराल, म्हणून आत्ताच मागा.

यातले बरेच कागद महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत सापडतात. जे सापडत नाहीत ते बिल्डरकडे पत्राने मागा. मंजूर नकाशे मिळण्याचा हक्क तुम्हाला रेरा कायद्याच्या कलम १९ ने दिलेला आहे. तरीही मिळाले नाहीत तर माहिती अधिकार. अर्ज त्याच कार्यालयात करा ज्याने परवानगी दिली. टॉवर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला असेल तर नियोजन प्राधिकरण एसआरए असतं, म्हाडाच्या जमिनीवरचा असेल तर म्हाडा, नवी मुंबईच्या काही भागांत सिडको, बाकी ठिकाणी महापालिका. चुकीच्या दारात महिना जातो. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे, म्हणून फायर एनओसीसाठी एक आणि मंजूर नकाशांसाठी दुसरा अर्ज करा. ‘फाइल पाहू द्यावी व निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहिलंत तर सर्वांत बरं. फाइल स्वतः चाळल्यावर अशा नोंदी हाती लागतात ज्या मागायच्या हे तुम्हाला सुचलंही नसतं.

एनओसी वाचताना प्रत्येक अटीपुढे पेन्सिलने मजला आणि जागा लिहा. पुढच्या पायरीत हाच कागद हातात घेऊन फिरायचं आहे.

पायरी ३ : नकाशा हातात घेऊन वरून खाली उतरा

गच्चीपासून सुरुवात करा आणि जिन्याने खाली या. लिफ्टने फिरलात तर निम्म्या गोष्टी दिसणार नाहीत. चार-पाच जण असा, एकाकडे मोजपट्टी, एकाकडे मोबाइलचा कॅमेरा, एकाकडे वही. बिल्डरच्या साइट इंजिनिअरला लेखी कळवून बरोबर घ्या. तो आला नाही तर तसं वहीत लिहा.

जिना सगळ्यात आधी. धूर जिन्यात शिरला की उंच इमारतीतून बाहेर पडायची वाट संपते, आणि आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, धुराने जातात. गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथे कापडाच्या चिंध्या आणि वाहनं होती. ती इमारत टॉवर म्हणावी इतकी उंचही नव्हती. धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. म्हणून जिन्याचं प्रत्येक दार पाहा. ते आगरोधक असलं पाहिजे आणि दारावर उत्पादकाची पट्टी असली पाहिजे, तिच्यावर किती मिनिटं टिकेल ते लिहिलेलं असतं. १२० मिनिटं हा राष्ट्रीय इमारत संहितेतला नेहमीचा आकडा. दार सोडलं की आपोआप पूर्ण मिटतं का? कडेला उष्णतेने फुगून फट बंद करणारी पट्टी आहे का? काही ठिकाणी बाहेरून आगरोधक दिसणारं दार आतून साधं प्लायवूडचं निघतं, म्हणून चाचणीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्रमांक पट्टीशी ताडून घ्या. दाराला कुंडी, वीट किंवा दोरी लावून ते उघडं ठेवलेलं असेल तर आत्ताच फोटो काढा.

मग डक्ट. विजेच्या तारा जिथून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जातात ती उभी पोकळी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी बंद केलेली असायला हवी. ती उघडी राहिली तर आख्खा डक्ट धुरांड्यासारखा काम करतो: तिसऱ्या मजल्यावर वायर जळली की सव्विसाव्यावर धूर. डक्टचं दार उघडा, टॉर्च मारा, खाली-वर पाहा. खालचा मजला दिसला तर तिथे अडथळा बसवलेलाच नाही. बंद केलेलं दिसलं तर कशाने केलंय ते विचारा. थर्माकोल, प्लायवूड आणि साधा पिवळा फोम हे तिन्ही जळतात. तिथे प्रमाणित आगरोधक सामग्रीच लागते. माझ्या मते पूर्ण फेरीतली ही सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटं आहेत, कारण डक्टच्या दारामागचा दोष एरवी कुणालाच दिसत नाही. काचेच्या दर्शनी भिंती असतील तर काच आणि स्लॅब यांच्यातली फटही याच नजरेने पाहा.

आश्रयजागा, ज्याला सगळे ‘रेफ्यूज एरिया’ म्हणतात, मुंबईत साधारण २४ मीटर उंचीनंतरच्या पहिल्या मजल्यावर आणि त्यानंतर दर सातव्या मजल्यावर असते. ज्यांना खाली उतरणं शक्य नाही त्यांनी तिथे थांबायचं आणि जवानांनी त्यांना तिथून न्यायचं, अशी योजना. ती बाहेरच्या बाजूने उघडी हवी, जिन्यातून थेट तिथे जाता आलं पाहिजे, दिवा आणि ठळक फलक हवा. नकाशावरचं तिचं क्षेत्रफळ मोजपट्टीने मोजून पाहा. ही जागा एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रात, मोजली जात नाही, म्हणूनच तिच्यावर डोळा असतो. कुठे शेजारच्या फ्लॅटची बाल्कनी तिच्यात घुसते, कुठे जिम होते, कुठे बिल्डरचं उरलेलं टाइल्सचं सामान रचून ठेवलेलं असतं. असं काही असेल तर ताब्याची बोलणी तिथेच थांबवा. कुलूप लावलेलं असलं तरी थांबवा.

खाली आल्यावर इमारतीभोवती चाला. अग्निशमन दलाची गाडी फिरण्यासाठी सहा मीटर रुंदीची मोकळी, कडक पृष्ठभागाची जागा लागते. राष्ट्रीय संहितेप्रमाणे तिने ४५ टनांपर्यंतची गाडी पेलली पाहिजे. पोडियमवरून, म्हणजे खालच्या पार्किंगच्या छतावरून, रस्ता जात असेल तर त्या स्लॅबची क्षमता इंजिनिअरकडून लेखी घ्या. या पट्ट्यात बिल्डरने पार्किंगच्या रेषा मारून जागा विकलेल्या असतील तर तो वाद पुढे कधीच सुटत नाही, कारण तेव्हा समोर बिल्डर नसतो, शेजारी असतो.

पायरी ४ : यंत्रणा चालवून दाखवायला लावा

‘सगळं चालू आहे’ हे वाक्य ऐकून घ्या आणि मग पंप रूममध्ये चला.

पाइपमध्ये कायम दाब ठेवण्याचं काम एका छोट्या पंपाचं, त्याला जॉकी पंप म्हणतात. कुणी हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचा मोठा नळ, उघडला की दाब उतरतो, जॉकीला तो पेलवत नाही, आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो. मुख्य पंप चालला नाही किंवा वीज गेली तर डिझेलवरचा किंवा जनरेटरवरचा पर्यायी पंप सुरू व्हायला हवा. हे सगळं पॅनलवरचं बटण ‘ऑटो’वर असेल तरच होतं. अनेक इमारतींत ते ‘मॅन्युअल’वर सापडतं. कुठेतरी बारीक गळती असते, जॉकी पंप दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतो, आवाजाची तक्रार येते, आणि कुणीतरी बटण फिरवून टाकतं. त्या दिवसापासून इमारतीला लाल रंगाचे पाइप असतात, अग्निशमन यंत्रणा नसते. म्हणून पॅनल ‘ऑटो’वर ठेवायला सांगा आणि पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. जॉकी वारंवार चालू झाला तर गळती आहे, हे यादीत पहिलं लिहा.

मग एक जण पंप रूममध्ये थांबवा आणि बाकीचे गच्चीवर किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर जा. फोनवर एकमेकांशी बोलत हायड्रंट उघडायला लावा. होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, जोडून तिचं टोक (नोझल) धरायला एजन्सीची प्रशिक्षित माणसं असू द्या; दाबाखालची होज अननुभवी माणसाच्या हातातून निसटते आणि जखमी करते. सर्वांत दूरच्या टोकाला किमान ३.५ बार दाब मिळायला हवा. दाबमापक जोडून आकडा वाचायला लावा आणि वहीत वेळेसकट लिहा. खाली थांबलेल्याने मुख्य पंप कुणी हात न लावता सुरू झाला का ते सांगायचं. नंतर मुख्य पंपाचा वीजपुरवठा बंद करून पर्यायी पंप घेतो का तेही पाहा. डिझेलचा पंप असेल तर बॅटरी आणि टाकीतलं डिझेल बघा. नव्या इमारतीतसुद्धा बॅटरी उतरलेली सापडते.

बाकीच्या चाचण्या त्याच दिवशी उरकता येतात. स्प्रिंकलरच्या ओळीच्या शेवटी चाचणीची कॉक असते, ती उघडल्यावर पाणी आलं पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे. कोणत्याही मजल्यावरचं अलार्मचं बटण दाबल्यावर पॅनलवर नेमका तोच मजला दिसतो का? पुष्कळदा दुसराच दिसतो. सार्वजनिक घोषणेचा आवाज बंद दाराआडच्या बेडरूममध्ये कळण्याइतका पोचतो का? अलार्म झाल्यावर लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबतात का? फायर लिफ्ट तळमजल्यावरच्या काचेआडच्या बटणाने फक्त जवानांच्या ताब्यात जाते का, आणि मिनिटभरात सर्वांत वर पोचते का? जिन्यात हवेचा दाब ठेवणारे पंखे असतील तर ते अलार्मबरोबर आपोआप सुरू व्हायला हवेत. सुरू असताना कागदाची पट्टी दाराच्या फटीपाशी धरा. हवा जिन्याकडून बाहेर वाहत असेल तर पट्टी लॉबीकडे झुकते. उलटी झुकली तर पंखा उलटा फिरतोय.

दिवसाच्या शेवटी वहीच्या प्रत्येक पानावर बिल्डरच्या आणि एजन्सीच्या माणसाची सही घ्या. सही द्यायला नकार आला तर तेवढंच लिहून ठेवा, व्हिडिओ आहेच.

पायरी ५ : यादी, पत्र, मुदत

यादीत ‘फायर सिस्टीम खराब’ असं लिहू नका. ‘बी विंग, १४ वा मजला, विजेचा डक्ट, स्लॅबपाशी आगरोधक भराव नाही, एनओसीची अट क्रमांक अमुक, फोटो ७’ असं लिहा. अटीचा क्रमांक पडला की तक्रार तुमचं मत राहत नाही, परवानगीचा भंग होते.

हे पत्र रजिस्टर्ड एडीने आणि ईमेलने, दोन्ही वाटांनी पाठवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष निदर्शनास आणला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पत्रात या कलमाचा उल्लेख असू द्या. मंजूर आराखड्यात बदल झालेला दिसला, म्हणजे आश्रयजागा आक्रसली आहे, जिना अरुंद झाला आहे, तर कलम १४(२) लागू होतं: खरेदीदारांच्या दोन तृतीयांश संमतीशिवाय असा बदल करता येत नाही.

या काळात बिल्डर ताब्याच्या कागदावर सही मागत राहील. कॉर्पस निधी, म्हणजे देखभालीसाठी रहिवाशांकडून घेतलेली ठेव, सोसायटीकडे वळता करायचा आहे, तेवढी सही करा, असा आग्रह होतो. घाईने सही करू नये असं माझं ठाम मत आहे. देखभालीची कामं टप्प्याटप्प्याने घेता येतात: लिफ्ट, सफाई, सुरक्षा आधी घ्या, आणि अग्निशमन यंत्रणा यादी पूर्ण होईपर्यंत बिल्डरच्या जबाबदारीत ठेवल्याचं सर्वसाधारण सभेच्या ठरावात आणि पत्रात स्पष्ट लिहा. तो काळ लांबला तर दरम्यान यंत्रणा कोण चालवणार हेही त्यात यायला हवं, नाहीतर दोघांच्या मध्ये ती बंद पडून राहते.

पायरी ६ : बिल्डर ऐकत नसेल तर

अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करा. अधिकाऱ्यांना इमारतीत येऊन तपासणी करण्याचा, दोष दूर करण्याची नोटीस देण्याचा, आणि धोका गंभीर असेल तर इमारत रिकामी करायला लावण्याचा किंवा वीज-पाणी तोडायला सांगण्याचा अधिकार आहे. याच कारणाने पुष्कळ कमिट्या तक्रार करायला घाबरतात. ती भीती निराधार नाही. नोटीस भोगवटादारांनाही येऊ शकते. पण तुमच्याकडे तारखांसह यादी, चाचणीची वही आणि बिल्डरला पाठवलेली पत्रं असतील तर दोष कुणाचा आणि कधीपासूनचा हे पहिल्याच भेटीत मांडता येतं. कागद नसलेल्या कमिटीनेच घाबरावं.

आराखड्याचा भंग असेल तर तक्रार नियोजन प्राधिकरणाच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे जाते, एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली. दुरुस्ती आणि भरपाईसाठी महारेरा. तिन्हीकडे एकदम धाव घेण्यापेक्षा आधी अग्निशमन दलाचा तपासणी अहवाल मिळवा, कारण बाकी दोन्ही ठिकाणी तोच पुरावा म्हणून चालतो. अहवालाची प्रत दिली नाही तर पुन्हा माहिती अधिकार, तीस दिवस.

वर बांधकाम चालू असेल तर

पार्ट ओसीच्या इमारतीत दोन वेगळे धोके एकाच पत्त्यावर राहतात. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी वरळीत बांधकाम चालू असलेल्या टॉवरच्या बेचाळिसाव्या मजल्यावरून सिमेंटचा ब्लॉक पडून खाली दोन जण ठार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाण्यात बाळकुमजवळ चाळीसमजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात कामगारांचा जीव गेला. कामगारांची सुरक्षा हा रहिवाशांचा विषय नाही असं कुणी म्हटलं तर ते मानू नका. ती माणसं तुमच्या डोक्यावर काम करत आहेत आणि त्यांची वेल्डिंगची ठिणगी तुमच्या बाल्कनीत पडते. रहिवाशांचा रस्ता आणि बांधकामाचा रस्ता वेगळा आहे का, संरक्षक जाळ्या व छत आहे का, हे दर आठवड्याला पाहा. राष्ट्रीय संहितेप्रमाणे पाण्याचा उभा पाइप बांधकामाबरोबर वर चढत गेला पाहिजे आणि आवारात किमान २०,००० लिटर पाणी आगीसाठी राखून असलं पाहिजे. कामगारांच्या सुरक्षेची तक्रार नोव्हेंबर २०२५ पर्यंत इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ खाली होत असे; ती रहिवाशांनाही करता येते.

पायरी ७ : फॉर्म बी

ताबा घेतल्यावर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना ‘ब’ मधलं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यावं लागतं. ते परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. परवाना अजून वैध आहे का ते बघा.

इमारतीत पाऊल न टाकता फॉर्म बी देणारे लोक बाजारात आहेत आणि ते स्वस्त असतात. त्यांच्याकडून कागद घेणं म्हणजे स्वतःच्या सहीने खोटं विधान सादर करणं. करारातच लिहून घ्या की पायरी ४ मधल्या सगळ्या चाचण्या कमिटीच्या एका सदस्यासमोर होतील, दाबाचे आकडे नोंदले जातील आणि मगच प्रमाणपत्र मिळेल. पंप दर आठवड्याला काही मिनिटं चालवणं, होजच्या पेट्यांतलं पितळी नोझल आणि कपलिंग जागेवर आहे का पाहणं (ते चोरीला जातं), हे सोसायटीच्या तंत्रज्ञाचं नेहमीचं काम. त्याची नोंदवही सचिवाने दर महिन्याला वाचावी.

पायरी ८ : घराच्या आत

आत्तापर्यंत प्रतिपक्ष बिल्डर होता, आता शेजारी. नव्या फ्लॅटमध्ये इंटिरिअरचं काम सुरू झालं की फॉल्स सीलिंगच्या वर स्प्रिंकलर गाडले जातात किंवा रंगाखाली जातात. स्प्रिंकलरच्या तोंडाशी असलेला लाल काचेचा बल्ब ६८ अंश सेल्सिअसला फुटतो आणि पाणी सुटतं. छताच्या आड लपलेल्या बल्बला ती उष्णता वेळेत लागतच नाही. म्हणून इंटिरिअरच्या परवानगीच्या अर्जातच अट घाला: स्प्रिंकलर आणि धूर ओळखणारं यंत्र हलवायचं असेल तर सोसायटीच्या एजन्सीमार्फतच, आणि काम संपल्यावर तपासणी झाल्याशिवाय अनामत परत नाही.

लॉबीतली चपलांची कपाटं, डक्टमध्ये ठेवलेल्या कुंड्या आणि जुनी रद्दी, जिन्यातल्या सायकली यांवर सुरुवातीच्या सहा महिन्यांत नियम बसला नाही तर पुढे बसत नाही. गोड बोलून सांगा, पण सगळ्यांना सारखंच सांगा, कमिटीच्या सदस्यांच्या घरापासून सुरुवात करून.

पायरी ९ : रात्री तीनला कोण काय करेल

मॉक ड्रिल वर्षातून दोनदा ठेवा, त्यातली एक रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना घेऊन. प्रत्येक रक्षकाला तीन गोष्टी न अडखळता आल्या पाहिजेत: १०१ ला फोन करून इमारतीचं नाव, गल्ली आणि आगीचा मजला सांगणं, पंपाचं पॅनल ओळखणं, आणि गच्चीची किल्ली काढणं. एजन्सी बदलली की रक्षक बदलतात, म्हणून नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पंप रूम दाखवायची.

रहिवाशांना थोडंच पण पक्कं सांगा. लिफ्ट वापरायची नाही. ज्या घरात आग लागली त्याचं दार बाहेर पडताना ओढून घ्यायचं, तेवढ्याने धूर बराच वेळ अडतो. विझवायला होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली बारीक नळी, घ्यायची, ती एकट्याला पेलते. मोठी होज प्रशिक्षितांसाठी. जिन्यात धूर असेल तर घरातच राहून दाराच्या फटी ओल्या कापडाने बंद करायच्या, खिडकीपाशी थांबायचं, आणि आपण कुठे आहोत ते फोनवर कळवायचं. क्रिस्टल टॉवरच्या आगीत एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावला आणि त्यांना शांत ठेवलं. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ड्रिलला मुलांना आवर्जून बोलवा. ती घरी जाऊन आजी-आजोबांना सगळं दोनदा सांगतात.

ज्यांना जिना उतरता येत नाही अशांची मजल्यानुसार यादी सुरक्षा केबिनमध्ये बंद पाकिटात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ताजी करा. दलाची पहिली गाडी आल्यावर रक्षकाने अधिकाऱ्याच्या हातात ती यादी, इमारतीचा नकाशा आणि पंप रूमची किल्ली द्यायची. या तिन्ही वस्तू एकाच लाल फाइलमध्ये ठेवा, आणि कमिटी बदलेल तेव्हा चाचणीच्या वहीबरोबर ही फाइलही नव्या सचिवाच्या सहीने सोपवा.